युतीचा पाठ : चौल-नांदगावच्या किनाऱ्यावरून

१

कुंडलीतील ग्रहयुतीचा अर्थ कसा लावावा, हा विषय साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडावयाचा म्हटले की पहिली शंका येते ती ही, की याचा साहित्याशी संबंध काय? फलज्योतिषाचे मंडन किंवा खंडन, या दोनच वाटांनी हा विषय आपल्याकडे चर्चिला गेला आहे. आम्हांस येथे या दोहोंच्या अलीकडचा एक प्रश्न विचारावयाचा आहे. कुंडली ही एक संहिता आहे. बारा घरे, नऊ ग्रह आणि एक लग्न एवढ्या अल्प सामग्रीतून तिचे वाचन होते. कोणत्याही संहितेचा अर्थ सांगू पाहणाऱ्याने आधी तिचा पाठ शुद्ध आहे की नाही ते पाहावे, हा पाठचिकित्सेचा पहिला धडा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही घटना मराठीचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षे आधी, कोकणच्या किनाऱ्यावर, ग्रहांचा पाठ शुद्ध करण्याचे काम एका बापाने हाती घेतले आणि ते मुलाने पुढे चालवले. ही गोष्ट मात्र साहित्याच्या वर्गात सहसा सांगितली जात नाही.

चौल-रेवदंड्याहून कुंडलिकेची खाडी ओलांडून दक्षिणेस निघाले की कोर्लई, काशीद आणि मग नांदगाव लागते. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. पुढे मुरूड आणि जंजिरा. या नांदगावास संस्कृत ग्रंथांत नंदिग्राम म्हटले आहे. येथे पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ हे दोन गणक होऊन गेले. केशवाचा ‘ग्रहकौतुक’ हा करणग्रंथ शके १४१८ चा (इ.स. १४९६), गणेशाचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ चा (इ.स. १५२०). केशवाने ‘जातकपद्धती’ आणि ‘ताजिकपद्धती’ हे फलग्रंथांच्या गणिताचे ग्रंथही लिहिले. म्हणजे आकाश पाहणारा आणि कुंडली मांडण्याची रीत सांगणारा, असा हा एकच माणूस होता. आमच्या विषयाला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२

‘युती’ हा शब्द आज ज्या अर्थाने वापरला जातो तो आणि सिद्धान्तग्रंथांतला अर्थ यांत अंतर आहे. कुंडलीच्या एका घरात दोन ग्रहांची नावे लिहिलेली दिसली की आपण युती म्हणतो. एक राशी तीस अंशांची. त्यामुळे एक ग्रह राशीच्या पहिल्या अंशात आणि दुसरा एकोणतिसाव्या अंशात असला, तरी कागदावर ते एकाच चौकोनात शेजारी बसतात. आकाशात त्यांच्यामध्ये अठ्ठावीस अंशांची पोकळी असते. पौर्णिमेच्या चंद्राची पन्नासाहून अधिक बिंबे एका ओळीत मांडावीत एवढी ती पोकळी.

सिद्धान्तग्रंथांची युती याहून काटेकोर आहे. सूर्यसिद्धान्तात ग्रहयुतीला स्वतंत्र अधिकार आहे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे पाच ताराग्रह एकमेकांना भेटले तर त्यास युद्ध किंवा समागम म्हणावे, चंद्राशी भेट झाली तर समागम आणि सूर्याशी झाली तर अस्त, असा शब्दविवेक तेथे केलेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहयुद्धाचे चार प्रकार आहेत. एका बिंबाने दुसरे झाकले तर भेद, बिंबांच्या कडा टेकल्या तर उल्लेख, किरण एकमेकांत मिसळले तर अंशुमर्दन आणि थोडे अंतर राखून ग्रह बाजूने गेले तर अपसव्य. हे चारही शब्द डोळ्यांनी पाहिलेल्याचे आहेत. रात्री बाहेर उभे राहून ज्याने दोन तेजोबिंदू जवळ येताना पाहिले, त्यालाच अंशुमर्दनासारखा शब्द सुचेल.

जातकाच्या वाटेने गेलेली युती हळूहळू या दृश्यापासून सुटली. जन्माच्या क्षणी ग्रह कोठे होते हे पाहण्यासाठी कोणी आकाशाकडे जात नाही. पंचांगाकडे जातो. पंचांग करणग्रंथावरून तयार होते, करणग्रंथ सिद्धान्तावरून. तेव्हा कुंडलीतील युती ही तीन पिढ्यांच्या नकलेनंतर हाती आलेली वाचना असते. नकलाकारांच्या हातून ओवी बिघडते तसा येथे ग्रह बिघडतो. फरक इतकाच, की ओवीच्या बाबतीत मूळ प्रत हरवलेली असते. ग्रहाच्या बाबतीत मूळ प्रत रोज रात्री डोक्यावर उघडी असते.

३

केशवाने केले ते हेच, की त्याने मूळ प्रतीशी ताडून पाहिले. ग्रहकौतुकावरील आपल्या टीकेत त्याने निरीक्षणे नोंदवली आहेत. त्याचा आशय असा. ब्राह्म, आर्य आणि सौर या पक्षांच्या ग्रहांत परस्पर अंतर पडते, आणि बुध-शुक्रांत तर ते फार मोठे असते. ग्रह आणि नक्षत्रे यांच्या युतीच्या वेळी, तसेच ग्रहांच्या उदयास्ताच्या वेळी पाहिले असता गणिताने आलेले स्थान आणि डोळ्यांना दिसणारे स्थान यांत पाच अंशांपर्यंत फरक प्रत्यक्ष दिसतो. यावर त्याने काढलेला निष्कर्ष आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे होणाऱ्या चांगल्या गणकांनी नक्षत्रयोग, ग्रहयोग, उदय आणि अस्त पाहून, वर्तमानात जे घडते त्याला अनुसरून गणित कमी-अधिक करून घ्यावे, असे तो सांगतो.

येथे युतीची भूमिका पालटली आहे, हे वाचकांच्या ध्यानात यावे. दैवज्ञ असूनही केशव युतीला प्रथम ‘फल’ विचारत नाही. ती गणिताची साक्षीदार म्हणून त्याला हवी असते. दोन ग्रह, किंवा ग्रह आणि तारा, एकमेकांलगत येतात तेव्हा मोठ्या यंत्रावाचूनही त्यांचे स्थान नेमके कळते. ताऱ्याचे स्थान ठाऊक असते, ग्रह त्याच्यापाशी कोणत्या रात्री पोचला हे दिसते. पंचांगातली तिथी त्याहून वेगळी असेल तर चूक पंचांगाची. तारा काही पुढे-मागे सरकत नाही.

पाच अंश म्हणजे किती? शनी एका राशीतून जाण्यास सरासरी अडीच वर्षे घेतो. पाच अंश चालण्यास त्याला पाच महिने लागतात. गुरू दिवसाला सरासरी पाच कला चालतो, शनी दोन कला. म्हणजे गुरू शनीला दिवसाला तीन कलांच्या वेगाने गाठत असतो. शनीच्या स्थानात पाच अंशांची, अर्थात तीनशे कलांची, चूक असेल तर त्या दोघांची मध्यम युती सुमारे शंभर दिवसांनी चुकेल. शंभर दिवसांत जन्मलेल्या कितीतरी मुलांच्या कुंडल्यांत जी युती नाही ती लिहिली जाईल आणि जी आहे ती राहून जाईल. फलादेश सांगणारा कितीही व्युत्पन्न असो, तो चुकीच्या पाठावर भाष्य करीत असेल.

गणेशाने पित्याचा हा आदेश ग्रहलाघवाच्या आरंभीच पाळलेला दिसतो. तो कोणत्याही एका पक्षाशी बांधून घेत नाही. सूर्य आणि चंद्रोच्च सौरपक्षाचे घेतो. चंद्र सौरपक्षाचाच, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे. शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधले. आणि शनी आर्यपक्षाचा, परंतु पाच अंश मिळवून. असे केले असता ग्रह दृक्तुल्य होतात, म्हणजे जसे दिसतात तसे गणिताने येतात, असे तो म्हणतो. अनेक हस्तलिखिते समोर ठेवून, एक ओळ या प्रतीतून आणि एक त्या प्रतीतून स्वीकारून संपादक संहिता सिद्ध करतो, त्या रीतीशी याचे साम्य सांगावयास नको. श्रद्धेच्या दृष्टीने हे धाडसाचे आहे. ब्रह्मदेव, सूर्य आणि आर्यभट यांच्या नावांवर चालणारे तीन संप्रदाय समोर असताना, ग्रहागणिक निवड करण्याचा अधिकार गणेश आपल्या डोळ्यांना देतो.

आपल्या बृहत्तिथिचिंतामणीत (शके १४७४) त्याने या शास्त्राचा एक छोटा इतिहासच सांगितला आहे. ब्रह्मदेव, वसिष्ठ, कश्यप यांनी सांगितलेले ग्रहगणित त्यांच्या त्यांच्या काळी खरे होते. पुढे ते ‘श्लथ’, म्हणजे सैल पडले. मग दुसऱ्याने सांगितले, तेही काळाने सैल पडले. या मालिकेत तो आपल्या पित्यालाही बसवतो. परंपरेकडे पाहण्याची ही दृष्टी लक्षणीय आहे. पूर्वसूरी खोटे नव्हते. त्यांचे खरे त्यांच्या काळाचे होते.

४

कुंडलीकडे वळू. केशवाची जातकपद्धती हा चाळीसेक श्लोकांचा लहान ग्रंथ. त्यात फलांची वर्णने नाहीत; भावसाधन, ग्रहांची बले, दृष्टी आणि आयुर्दाय यांचे गणित आहे. अकराव्या शतकात श्रीपतीने घालून दिलेल्या वाटेने हा ग्रंथ जातो. श्रीपती हा रोहिणीखंडाचा, म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या आजच्या रोहिणखेडचा. या पद्धतीत भाव आणि राशी हे एक नव्हेत. लग्नबिंदू आणि दशमबिंदू यांवरून प्रत्येक भावाचा मध्य काढावयाचा, दोन भावांच्या मधला संधी काढावयाचा. भावमध्यावरचा ग्रह पूर्ण फल देतो, संधीवरचा काहीच देत नाही. यामुळे एकाच राशीत असलेले दोन ग्रह दोन भिन्न भावांत पडू शकतात, आणि दोन राशींत असलेले ग्रह एका भावात येऊ शकतात. चौकोनात शेजारी लिहिलेली नावे पाहून युती ठरवणे केशवाला मान्य झाले नसते. अंश किती, भाव कोणता, बल किती, एवढे प्रश्न विचारून झाल्यावर मगच फलाचा श्लोक आठवावयाचा.

आता तो श्लोक काय सांगतो ते पाहू. द्विग्रहयोगांची फले सांगणारा जुना आधार म्हणजे सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकाचा चौदावा अध्याय. सूर्य-चंद्राच्या युतीवर जन्मलेला यंत्रे करणारा किंवा पाथरवट होतो. सूर्य-शुक्रावरचा रंगभूमी आणि शस्त्रे यांतून धन मिळवतो. सूर्य-शनीवरचा धातुकामात किंवा भांडी घडवण्यात कुशल. चंद्र-शुक्रावरचा वस्त्रांच्या व्यवहारात निपुण. आणि गुरू-शनीच्या युतीवरचा न्हावी, कुंभार अथवा स्वयंपाकी.

ही यादी फलज्योतिष म्हणून न वाचता सहाव्या शतकातल्या नगराची वर्णनपट्टी म्हणून वाचावी. पाथरवट, नट, कासार, कापडवाला, न्हावी, कुंभार, आचारी. एखाद्या बाजारपेठेतून चालत जावे आणि दोन्ही बाजूंची दुकाने मोजावीत, तसा हा अध्याय आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवासी ज्या चौलच्या रेशमी कापडाची वाखाणणी करतात, त्या चौलात चंद्र-शुक्राचे फल ऐकणाऱ्यास ते मुळीच अनोळखी वाटले नसते. फलग्रंथाला उपजीविका ठाऊक आहेत, कारण पृच्छक उपजीविकेचीच विचारणा करीत येतो.

५

चौल हे बंदर फार जुने. ग्रीक लेखकांचे सिमुल्ला, अरबांचे सैमूर. अल-मसूदी हा अरब इतिहासकार इ.स. ९१६ च्या सुमारास येथे आला होता आणि येथील मुसलमान वस्तीची त्याने नोंद केली आहे. अशा अरब-इराणी लोकांना आपल्याकडचा जुना शब्द ‘ताजिक’. डहाणूजवळच्या चिंचणीच्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात संजाणचा अधिकारी म्हणून एका ताजिकाचा उल्लेख आहे. याच शब्दावरून त्यांच्याकडून आलेल्या ज्योतिषपद्धतीला ताजिक म्हणू लागले, आणि नांदगावच्या केशवाने तिच्यावर ग्रंथ लिहिला. ताजिकात युतीचे सूक्ष्म भेद आहेत. शीघ्र ग्रह मंद ग्रहाला गाठावयास निघाला असेल तर ‘इत्थशाल’, गाठून पुढे गेला असेल तर ‘इशराफ’. इत्थशाल म्हणजे अरबी ‘इत्तिसाल’, जोडले जाणे. संस्कृत श्लोकांच्या छंदात असे अरबी शब्द बसवलेले पाहिले की शास्त्राच्या शुद्धतेविषयीच्या आपल्या अनेक कल्पना तपासाव्या लागतात.

याच किनाऱ्यावर तिसरी एक परंपरा समुद्रावरून आली. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत पोर्तुगीज आणि मिसरी-गुजराती आरमार यांची लढाई होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. १५२१ मध्ये निजामशाहीच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधावयास घेतला. त्यांच्या खलाशांच्या हाती सूर्याच्या क्रांतीची कोष्टके होती, आणि त्यांचा आधार अब्राहाम झाकुतो याचे गणित. झाकुतोचे पंचांग पोर्तुगालात लैरिया येथे छापले गेले ते १४९६ मध्ये, म्हणजे ग्रहकौतुकाच्याच वर्षी. किल्ल्याची पायाभरणी आणि ग्रहलाघव यांत एकच वर्षाचे अंतर. या दोन विद्या एकमेकींना भेटल्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांचा शेजार मात्र खरा होता.

आणि या शेजारातच एक युती घडली. १५२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत गुरू आणि शनी एकत्र आले, पाठोपाठ इतर ग्रहही जवळ जमले. युरोपात ही युती मीन राशीत होती. मीन ही जलराशी. नवव्या शतकात बगदादेत लिहिणाऱ्या अबू मअशरच्या मते गुरू-शनीच्या युतींनी धर्म आणि राजवंश पालटतात. लॅटिन अनुवादांतून हे मत युरोपात रुजले होते. १४९९ च्या श्टॉफ्लरच्या पंचांगाने या महिन्यातील युतींचा इशारा दिल्यापासून जगबुडीचे भाकीत पसरले. छपाईची कला नवी होती. शंभराहून अधिक पुस्तिका निघाल्या. लोकांनी उंच जागा शोधल्या. जगबुडी आली नाही.

तीच युती नांदगावात कोठे होती? ग्रहलाघवात अयनांशांचा नियम सोपा आहे. शकातून ४४४ वजा करून ६० ने भागावे. शके १४४५ ला अयनांश येतात १६ अंश ४१ कला. युरोपच्या सायन गणिताने ती युती मीनेच्या दहाव्या अंशात होती. त्यातून अयनांश वजा केले की ती कुंभेच्या सुमारे तेविसाव्या अंशात येते. म्हणजे ज्या दोन तेजोबिंदूंच्या जवळीकीने जर्मनीत लोक पुराच्या भयाने गांजले, ते बिंदू निरयन गणिताने जलराशीत नव्हतेच. आणि बृहज्जातकाच्या मते त्या युतीवर जन्मलेले मूल कुंभार अथवा आचारी व्हावयाचे. आकाश एकच होते. राशीचे नाव वेगळे, राशीचा गुण वेगळा, युतीला विचारलेला प्रश्नही वेगळा. युरोपने तिला जगाचे भवितव्य विचारले, जातकाने एका मुलाचा धंदा. फल हे युतीत नसते, वाचणाऱ्याच्या परंपरेत असते, याचा इतका ठसठशीत दाखला दुसरा मिळणे कठीण.

६

परंपरेत असलेले फल निरुपद्रवी असते असे मात्र नाही. बृहज्जातकाच्या त्याच अध्यायात चंद्र-शनीच्या युतीचे फल आहे : जातक ‘पुनर्भू’चा मुलगा होतो. पुनर्भू म्हणजे पुन्हा विवाह केलेली स्त्री. न्हावी आणि कुंभार यांच्या ओळीत हे फल का यावे? कारण समाजाच्या दृष्टीने तेही एक स्थान होते, आणि कमीपणाचे होते. विसाव्या शतकातील कृष्णमूर्ती पद्धतीत चंद्र-शनीच्या संबंधाला ‘पुनर्फू’ म्हणतात आणि विवाहातील विघ्ने त्याच्या माथी मारतात. शब्दात जुन्या पुनर्भूची आठवण शिल्लक आहे. तिची कथा गळून पडली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या समाजाचा एक पूर्वग्रह अशा रीतीने ग्रहाच्या नावावर जमा होतो आणि स्थळ पाहताना मुलीच्या कुंडलीतून खर्ची पडतो.

येथे कोकणातल्याच आणखी एका गावाचे नाव घेतले पाहिजे. नांदगावालगतचे मुरूड नव्हे; दापोली तालुक्यातले मुरूड. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) याच गावचे. केशव आणि गणेश यांची योग्यता मराठी वाचकाला प्रथम साधार कळली ती त्यांच्या १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासामुळे. आणि धोंडो केशव कर्वे यांचेही गाव हेच. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. या विवाहातून झालेले शंकर, दिनकर आणि भास्कर हे तिघे, जुन्या परिभाषेत बोलावयाचे तर, पुनर्भूचे पुत्र. त्यांच्या जन्मकाळी चंद्र-शनी कोठे होते हे पाहण्याची आवश्यकता कोणास वाटू नये. जे फल ग्रहांचे म्हणून सांगितले जाई ते गावाने ठराव करून दिलेले होते, आणि ते झुगारण्यास शांती करावी लागली नाही. एका माणसाचा आणि एका स्त्रीचा निश्चय पुरला.

एकाच दशकात, एकाच गावच्या दोन माणसांनी हे केले. दीक्षितांनी गणिताचा पाठ तपासला, कर्व्यांनी फलाचा.

७

केशव-गणेशांच्या ग्रंथांचे पुढे काय झाले? ग्रहलाघवाचा विजय त्याच्या सोपेपणाने झाला. गणेशाने ज्या आणि चाप यांची किचकट कामे टाळली. अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र कल्पून मोजावयाच्या दिवसांची संख्या लहान केली. गोदातीरावरील गोलग्रामचे दिवाकर दैवज्ञ गणेशाचे शिष्य. त्यांचे घराणे पुढे काशीला गेले, आणि त्यातील विश्वनाथाने ग्रहलाघवावर आणि केशवाच्या जातकपद्धतीवर उदाहरणे लिहिली. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक येथे शतकानुशतके पंचांगे ग्रहलाघवावरून होत राहिली, ती थेट विसाव्या शतकापर्यंत. ग्रंथ राहिला; मात्र ग्रंथकाराच्या पित्याने दिलेला आदेश राहिला नाही. पुढच्या सुगणकांनी आकाश पाहून गणित बदलावे असे ज्याने सांगितले, त्याच्याच घराण्याचे गणित न बदलता साडेतीनशे वर्षे चालवले गेले. ज्या दिवशी शिष्यांनी ते प्रमाण मानले, त्या दिवसापासून ते श्लथ होऊ लागले.

एकोणिसाव्या शतकात ही सैल झालेली गाठ पुन्हा आवळण्याचे प्रयत्न झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत दिली, आणि त्यांच्या गणितावर १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी शके १८०६ (इ.स. १८८४) पासून सायन पंचांग चालवले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ज्योतिर्गणित लिहिले. टिळकांनी पंचांगशुद्धीचा पक्ष घेतला. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरावा की चित्रेच्या समोरच्या बिंदूपासून, हा वाद त्यात सर्वांत तिखट ठरला. भारत सरकारने नेमलेल्या मेघनाद साहा समितीने चित्रापक्ष स्वीकारला आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार निघू लागले.

या वादाचा कुंडलीवर काय परिणाम होतो, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २८ मे २००० रोजी गुरू आणि शनी यांची युती झाली. सायन गणिताने ती वृषभेच्या तेविसाव्या अंशात होती. चित्रापक्षाचे अयनांश वजा केले तर ती मेषेच्या एकोणतिसाव्या अंशात येते. टिळक पंचांगाने स्वीकारलेल्या रैवतपक्षाचे अयनांश सुमारे चार अंशांनी कमी. ते वजा केले तर तीच युती वृषभेच्या तिसऱ्या अंशात. त्या सप्ताहात जन्मलेल्या बाळाची कुंडली एका पंचांगावरून मांडली तर गुरू-शनी मेषेत, दुसऱ्यावरून मांडली तर वृषभेत. राशिस्वामी बदलला, घर बदलले, फल बदलले. आणि ही युती कोणी पाहिली? जवळजवळ कोणीच नाही. त्या वेळी सूर्य त्या दोघांपासून पंधरा अंशांच्या आत होता. पहाटेच्या उजेडात दोन्ही ग्रह लोपले होते. कागदावर सर्वांत ठळक असलेली युती आकाशात अदृश्य होती.

८

पाठ शुद्ध केला की फल खरे ठरते काय? असे मानण्यास आधार नाही, आणि या लेखाचा तसा दावाही नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर (१९३८–२०२५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना दिल्या, प्रत्येकास चाळीस. कोणती कोणाची ते ओळखावयाचे. उत्तरे पाठवणाऱ्या सत्तावीस जणांचे यश सरासरी ४६ टक्के होते. नाणे उडवले असते तरी सुमारे पन्नास मिळाले असते. गणित आधुनिक पंचांगांचे होते, म्हणून पाठ अशुद्ध होता असेही म्हणता येत नाही. उणीव भाष्याची होती.

मग केशव आणि गणेश यांच्याकडून घ्यावयाचे ते काय? ते दोघे फलज्योतिष मानणारे होते; त्यांना आपले समकालीन करून घेण्याची घाई आम्ही करणार नाही. परंतु त्यांच्या कामात दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात. एक, श्लोकांतून आलेली फले; ती त्यांनी परंपरेप्रमाणे स्वीकारली. दुसरी, ग्रहांची स्थाने. ती मात्र त्यांनी ब्रह्मदेवाच्या नावावरची असली तरी तपासल्याविना घेतली नाहीत. पुढच्यांनी पहिली गोष्ट त्यांच्याकडून घेतली आणि दुसरी टाकली. परंपरा चालवणे म्हणजे परंपरेचे निष्कर्ष पाठ करणे असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे नंदिग्रामच्या या बापलेकांचा दाखला ठेवावा. त्यांची परंपरा चालवावयाची तर त्यांचे गणित चुकते कोठे, हे शोधणे भाग आहे. तसे करण्यास केशवाने सांगून ठेवले आहे.

साहित्याच्या वर्गात आपण अर्थनिर्णयनाच्या पुष्कळ पद्धती शिकवतो. त्यांत ही एक जोडावी असे आम्हांस वाटते. समोर कुंडली येवो की कविता, तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. लिहिले आहे तसे खरोखर आहे काय? असल्यास, त्याला हा अर्थ कोणी, कोणत्या काळी आणि कोणाच्या सोयीने दिला? आणि तो अर्थ आज कोणाच्या आयुष्यावर लादला जातो आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नांदगावच्या समुद्रकाठी शोधले गेले. दुसऱ्याचे दीक्षितांच्या इतिहासात सापडू लागते. तिसरा प्रश्न अजून प्रत्येक घरात, स्थळाची पत्रिका उघडली जाते त्या क्षणी, उत्तराची वाट पाहत असतो.